सतरा नंबरची खुंटी

ही एकोणीसशे एकसष्ट सालातली गोष्ट. साल मला पक्कं आठवतं, कारण त्या वर्षी आमच्या चर्चचा ऑर्गन आजारी पडला. आजारीच म्हणायचं. गीत सुरू झालं की आधी त्याला धाप लागायची, मग कुठल्या तरी नळीतून भलतीच शीळ निघायची आणि सगळी मंडळी गाणं सोडून एकमेकांकडे बघायची. पाळकसाहेबांनी तीन महिने देवाची आणि सहा महिने समितीची विनवणी केली, तेव्हा कुठे दुरुस्तीला माणूस आला. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते.

ऑर्गनच्या पाठीमागे एक अरुंद खोली होती, तिथे मी कामाला होते. खोलीला एकच खिडकी आणि तिला निळी काच. सकाळभर आम्ही पाण्याखाली बसल्यासारखे दिसायचो. हात निळे, कागद निळे, वचनमामांची पांढरी दाढीसुद्धा निळी. अजूनही दुपारी डोळा लागला की मी त्या पाण्यात जाऊन बसते.

ती खोली शंकांची होती. चर्चच्या दाराशी एक लाकडी पेटी ठेवलेली असे. शास्त्राबद्दल, देवाबद्दल, मेल्यावर काय होतं त्याबद्दल कोणाला काही विचारायचं असलं की चिठ्ठी लिहून त्या पेटीत टाकायची. नाव घालायचं नाही. पेटीशेजारी पितळी बिल्ले टांगलेले असत. बंद पडलेल्या नाटकगृहातले होते ते, प्रेक्षकांचे कोट ठेवून घेताना द्यायचे तसले. एकेका नंबरचे दोन बिल्ले. एक चिठ्ठीबरोबर पेटीत जायचा, दुसरा विचारणाऱ्याच्या खिशात. दोन दिवसांनी उत्तराचं पाकीट भिंतीवरच्या त्या नंबरच्या खुंटीला लागलेलं असे. पाकीट घ्यायचं, बिल्ला खुंटीला अडकवायचा आणि काही घडलंच नाही अशा चेहऱ्यानं घरी जायचं.

पण वस्ती लहान, सगळ्यांना सगळ्यांचं अक्षर ठाऊक. म्हणून कधी तरी कोणी तरी डाव्या हातानं लिहिलं आणि मग ती रीतच पडून गेली. आमच्याकडे येणारी प्रत्येक चिठ्ठी डाव्या हाताची, पहिलीतल्या पोरानं गिरवल्यासारखी. बेकरीवाला मुळात डावखुरा, तो बिचारा उजव्या हातानं लिहायचा. आणि प्रत्येक चिठ्ठीची सुरुवात ठरलेली: ‘एका ओळखीच्या माणसाला शंका आहे.’

उत्तरं वचनमामांची. ते निवृत्त शाळामास्तर, एकटा जीव, कोणाचेही सख्खे मामा नव्हते. ‘काय मामा, बरं आहे ना?’ एवढं विचारलं तरी उत्तरात अध्याय आणि वचन सांगायचे, म्हणून वचनमामा. त्यांनी बावीस वर्षं खपून कार्डं तयार केली होती. लाकडी कपाटात दोन खण. वरच्यावर लिहिलेलं, ‘शास्त्र सांगतं’. खालच्यावर, ‘शास्त्र सांगत नाही’. खालचा खण जास्त भरलेला होता.

माझं काम सोपं. चिठ्ठी वाचायची, तिला लागू पडेल ते कार्ड शोधायचं, सुवाच्य अक्षरात नक्कल करायची, पाकिटात घालायची. शंका बहुतेक त्याच त्याच. जगातल्या पहिल्या जोडप्याचा मुलगा काइन, त्याला बायको कुठून मिळाली, हे महिन्यातून चारदा तरी.

“ह्या काइनाच्या बायकोनं मला म्हातारं केलं,” मामा म्हणायचे. “काढ कार्ड नंबर सात.”

योनाला गिळणारा मासा केवढा होता? कार्डावर लिहिलेलं: योना मावेल एवढा. देवाला सगळं आधीच ठाऊक आहे तर प्रार्थना कशाला करायची? मूल रडायच्या आधीच आईला कळतं त्याला भूक लागलीय, तरी मूल हाक मारतं. हाक भुकेसाठी नसते, आईसाठी असते. लाजर चार दिवस कबरीत होता, मग उठून आला, तर त्यानं तिथे काय पाहिलं? हे कार्ड खालच्या खणातलं. त्यावर एवढंच होतं: शास्त्र इथे गप्प आहे. आपणही थोडं गप्प बसू.

मला ते वाक्य फार आवडायचं. नक्कल करताना माझा हात आपोआप हळू व्हायचा.

मामांचा नियम एकच होता. “कार्डावर आहे तेवढंच, कारकूनबाई. आपल्या पदरचं एक अक्षर घालायचं नाही. आपण पोस्टमन आहोत. पोस्टमन पत्रात मजकूर घालत नाही.”

दाराशी घंटाआजी बसायच्या. चर्चची घंटा त्या वाजवायच्या आणि बिल्ल्यांवर नजर ठेवायच्या. नजर म्हणजे, कोणी चिठ्ठी टाकायला आलं की डोळे घट्ट मिटून घ्यायच्या. “मला काही दिसत नाही हो, टाका काय टाकायचं ते!” असं इतक्या मोठ्यानं ओरडायच्या की रस्त्यावरची माणसं वळून बघायची.

आता ऑर्गनवाल्यांकडे येते. ते परगावचे. उंच, थोडे वाकलेले, पंचेचाळिशीचे. दिवसभर ऑर्गनच्या पोटात शिरून बसायचे आणि संध्याकाळी केसांत जळमटं घेऊन बाहेर यायचे. खिशात नमद्याच्या जाड लोकरी कापडाचे तुकडे, बारीक पितळी हत्यारं, मेणाचा गोळा. आमच्या खोलीच्या भिंतीपलीकडून दिवसभर एकेक सूर यायचा. एकच सूर, पुन्हा पुन्हा, हळूहळू सरळ होत जाणारा. मी कार्डं लिहिता लिहिता तो सूर सरळ होईपर्यंत श्वास धरून बसायचे.

एका सकाळी खिळ्यात अडकून त्यांच्या कोटाच्या बाहीच्या चिंध्या झाल्या. घंटाआजींनी त्यांना आमच्या घराचा रस्ता दाखवला.

माझी आई शिवणकाम करायची, बायकांचं आणि मुलांचं. बाबांना जाऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती. बाबा पुस्तकं बांधायचे. चर्चच्या व्यासपीठावरचा मोठा शास्त्रग्रंथ त्यांनीच नव्यानं बांधून दिला होता. रोज सकाळी त्याची धूळ पुसताना मी चामड्याच्या पुठ्ठ्यावरून दोनदा हात फिरवायचे, एकदा फडक्यानं, एकदा नुसताच.

“मी पुरुषांचे कपडे शिवत नाही,” आईनं ऑर्गनवाल्यांना दारातच सांगितलं.

“मग बाही तेवढी शिवा, बाई,” ते म्हणाले. “बाकीचा पुरुष मी सांभाळतो.”

आई हसली. मी आत भांडी पुसत होते. आठ वर्षांत मी ते हसू ऐकलं नव्हतं. विसरूनच गेले होते की आईचं हसू शेवटी जरा वर चढतं, जिन्याची शेवटची पायरी घाईनं चढल्यासारखं. मला आनंद व्हायला हवा होता. मी पुसलेलंच ताट पुन्हा पुसायला घेतलं.

एका बाहीसाठी ते चारदा आले. एक बाही नवी म्हणजे दुसरी जुनी दिसणार, म्हणून दोन्ही नव्या. मग अस्तर. मग बटणं. आई कपडा बेतायला पातळ पिवळसर कागद वापरायची आणि दातेरी चाक फिरवून त्यावर ठिपक्यांची रेघ काढायची. ते चाक टेबलावरून फिरताना किर्र आवाज यायचा. ऑर्गनवाले खुर्चीत बसून तो आवाज ऐकायचे आणि म्हणायचे, “हा सूर मला ऑर्गनमध्ये हवाय.”

“त्याला दात लावा मग,” आई म्हणायची.

मी मधे मधे जाऊन खिडकी उघडायचे, बंद करायचे. एकदा मुद्दाम बाबांचा फोटो पुसायला घेतला. आईनं नुसतं बघितलं. 

पानगळ सुरू झाली त्या आठवड्यात मामांना ताप आला. “आठ दिवस सांभाळशील ना?” त्यांनी निरोप पाठवला. मी हो कळवलं. आणि नेमकी त्याच आठवड्यात सतरा नंबरच्या बिल्ल्याबरोबर एक चिठ्ठी आली.

हातात घेतल्याबरोबर मी ओळखली. अक्षर नव्हे, अक्षर इतर सगळ्यांसारखंच डाव्या हाताचं, वेडंवाकडं. कागद ओळखला. पातळ, पिवळसर, आणि त्यावरून ठिपक्यांची एक वळणदार रेघ गेलेली. तसला कागद आणि तसलं चाक आमच्या वस्तीत एकाच घरी होतं.

मी तो निळ्या खिडकीसमोर धरला. एकेका ठिपक्यातून उजेड आला. दिवसा चांदण्या निघाल्यासारख्या दिसल्या त्या, वाकड्या रांगेत. त्यांच्या मधून मी शब्द वाचले.

‘एका ओळखीच्या माणसाला शंका आहे. जोडीदार देवाघरी गेला त्याला बरीच वर्षं झाली. आता पुन्हा घर मांडावं असं वाटतं. पण पुनरुत्थानाच्या दिवशी कोण कोणाचं असेल? पहिल्या माणसाला कोणत्या तोंडानं भेटायचं?’

 भिंतीपलीकडून एक सूर सारखा येत होता.

या शंकेचं कार्ड होतं. नंबर त्रेसष्ट. मला ते तोंडपाठ होतं. त्यात मामांनी लिहिलं होतं की हीच शंका काही पंडितांनी प्रभूलाही विचारली होती, तीही थट्टेनं: एका बाईचे पाठोपाठ सात नवरे मेले, आता ती वर कोणाची? प्रभूनं उत्तर दिलं की तिथे लग्न करणं नाही आणि लावून देणं नाही, तिथली माणसं देवदूतांसारखी असतात. पुढे मामांनी प्रेषिताच्या पत्राचा आधार दिला होता: जोडीदार मेल्यावर मागे राहिलेला मोकळा आहे, श्रद्धेला धरून त्यानं पुन्हा लग्न केलं तर त्यात पाप नाही. आणि शेवटी: तिथे एकमेकांची ओळख कशी असेल, याबद्दल शास्त्र फार बोलत नाही. आपणही थोडं गप्प बसू.

म्हणजे आई मोकळी. कार्ड नंबर त्रेसष्ट पाकिटात घातलं की आई मोकळी, आणि बाबा तिकडे एकटे. मला बाबा दिसले. अंगावर तो सरसाचे डाग पडलेला झगा, हातात हातोडी, आणि दाराकडे नजर. रोज संध्याकाळी आम्ही दोघी बाजारातून परत येईपर्यंत ते तसेच उभे असायचे.

मी त्रेसष्ट नंबरचं कार्ड परत खणात ठेवलं आणि एकेचाळीस काढलं. ते वेगळ्याच शंकेचं होतं, नवरा-बायकोचं पटत नसेल तर काय करावं, याचं. त्यावर होतं: देवानं ज्यांना एकत्र बांधलं त्यांना माणसानं सोडवू नये. मी तेवढंच लिहिलं. आणि मग, देवाच्या घरात बसून, मी खाली माझ्या पदरची एक ओळ घातली: ‘गेलेलं माणूस तिथे वाट पाहत असतं.’

अक्षर फार सुंदर आलं होतं.

चिठ्ठ्या शनिवारी जाळून टाकायच्या असा शिरस्ता होता. ती चिठ्ठी माझ्यानं जाळवेना. मी ती बाबांनी बांधलेल्या ग्रंथाच्या पुठ्ठ्याच्या आत सरकवून ठेवली. मला वाटलं, त्यांना कळू दे मी काय केलं ते.

पाकीट सकाळी खुंटीला लावलं. दुपारी बघते तर पाकीट नाही, बिल्ला लटकतोय आणि हळूच डोलतोय, म्हणजे आत्ताच कोणी तरी लावून गेलं होतं.

संध्याकाळी जीव मुठीत धरून घरी गेले. वाटलं होतं, आई रडत असेल, निदान गप्प तरी असेल. आई गुणगुणत होती. कोट शिवून झाला होता, दोन दिवसांपूर्वीच देऊन टाकला होता, तरी टेबलापाशी त्यांच्यासाठी मांडलेली तिसरी खुर्ची तशीच होती.

“काय गं, अशी बघतेस काय? दोन शिंगं फुटलीत का मला?”

“काही नाही.”

“मग हात धू आणि बस.”

दुसऱ्या दिवशीही ती गुणगुणत होती. मला रागच आला. एवढं पाकिटात वाचूनही हिला काहीच कसं वाटत नाही? तिसऱ्या दिवशी गुणगुणणं थांबलं. ऑर्गनवाले चार दिवसांत फिरकले नव्हते.

“तुमच्या तिकडे काम फार आहे का गं?” आईनं विचारलं. माझ्याकडे न बघता, सुईत दोरा ओवत.

“कोणाला?”

“कोणाला म्हणजे काय. ऑर्गनला.”

“उरकत आलंय. परवा सकाळच्या बसनं निघणार आहेत म्हणे. एक नळी राहिलीय, ती दुसरा कोणी करील म्हणाले पाळकसाहेबांना.”

आईचा दोरा सुईच्या नाकाशी तसाच राहिला. “परवा?” ती म्हणाली. “असं कसं? काही निरोप?”

“आपल्याला कशाला निरोप देतील? कोट झाला ना.”

“हो, तेही खरंच,” आई म्हणाली. आणि मग, जरा वेळानं, स्वतःशीच, “माझं काही चुकलं असेल. जास्त हसले असेन.”

ते ऐकून मी चक्रावले. ते पाकीट वाचून जिनं नकार दिलाय तिनं वाट कशी बघावी? काही तरी हिशेबात बसत नव्हतं. आई उठली, एका मुलीचा फ्रॉक बेतायला तिनं नवा कागद पसरला, आणि चाक किर्र करत फिरलं. मी ठिपक्यांची रेघ बघत होते. फ्रॉकच्या बाहीचं वळण लहानसं, गोल, वाटीसारखं. चिठ्ठीवरचं वळण तसं नव्हतं. ते मोठं होतं, लांब, खांद्यावरून सावकाश उतरणारं.

“आई, तू पुरुषाचा कपडा कधी बेतलायस?”

“तुझ्या बाबांना तयार सदरे आवडायचे. बेतला तो एकदाच, आत्ता हा कोट. का?”

“त्याचा कागद कुठे आहे?”

“कोट त्यातच गुंडाळून दिला. धूळ लागू नये म्हणून. तुला कशाला हवा आता?”

  आईनं चिठ्ठी लिहिलीच नव्हती. आईला काही शंकाच नव्हती.

सकाळी ग्रंथातून चिठ्ठी काढून पुन्हा पाहिली. वळण लांबच होतं. तरी खात्री करायला घंटाआजींपाशी गेले. “आजी, सतरा नंबरचं पाकीट कोणी नेलं?”

“माझे डोळे मिटलेले असतात, बये. माणूस मला दिसत नाही.” त्यांनी एक डोळा उघडला. “पण कोट छान शिवलाय हो तुझ्या आईनं. बाह्यांवर एक सुरकुती नाही. बराच वेळ त्या खुंटीसमोर उभा होता तो कोट. मग बाकावर बसला. मला वाटलं, कोटाला बरं वाटत नाहीये.”

वचनमामा त्याच दिवशी कामावर परत आले होते, गळ्याभोवती पंचा गुंडाळून. मी त्यांच्यासमोर चिठ्ठी ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. कार्ड बदलल्याचं ऐकून त्यांनी मान हलवली. पदरची ओळ ऐकल्यावर मात्र त्यांनी चष्मा काढला.

“वाट पाहत असतं,” ते म्हणाले. “हे कुठल्या अध्यायात वाचलंस?”

“कुठल्याच नाही.”

“मग?”

“मला तसं वाटतं.”

मामा काढलेला चष्मा पुसत बसले. मला वाटलं होतं ओरडतील, कामावरून काढतील. ते म्हणाले, “तुला शंका होती तर बिल्ला घ्यायचास, पोरी. डाव्या हातानं लिहायचंस. मी उत्तर दिलं असतं.”

मला रडू फुटलं. त्यांनी पंच्याचं टोक पुढे केलं.

“आता मी दुसरं पाकीट सतरा नंबरला लावू?”

“बिल्ला परत आलाय. तो माणूस पुन्हा खुंटीकडे कशाला बघेल? आणि उद्या सकाळी बस आहे.” त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. “विचारणारा कोण, हे आपल्याला ठाऊक नसतं, असा नियम मीच केलाय. तो मला मोडता येत नाही. तू मात्र एक नियम मोडलाच आहेस.”

मी जिना चढून ऑर्गनच्या माडीवर गेले. चर्च रिकामं होतं. रंगीत काचांतून आलेल्या उन्हाचे तुकडे बाकांवर सांडले होते, लाल, पिवळे, आणि त्यांतून धूळ पोहत होती. ऑर्गनचं लाकडी दार किलकिलं होतं. ते आत होते. मला फक्त त्यांच्या बुटाची टाच दिसत होती. नव्या बाह्यांचा कोट बाहेर खुर्चीवर नीट घडी घालून ठेवला होता.

“कोण?” आवाज नळ्यांमधून आला, मोठा आणि पोकळ, जणू ऑर्गननंच विचारलं.

“मी. मागच्या खोलीतली.”

“कारकूनबाई! या. बसायला जागा नाही, हवाच भरपूर आहे.”

“मला सतरा नंबरच्या माणसाशी बोलायचंय.”

आतली खुडबुड थांबली. टाच आत ओढली गेली. “तो माणूस आत नाही,” ऑर्गन म्हणाला. “गेला बाहेर.”

“मग त्याला निरोप सांगा. त्याला चुकीचं कार्ड गेलं. मी मुद्दाम घातलं. मला वाटलं चिठ्ठी आईची आहे.”

 मग मी त्रेसष्ट नंबरचं कार्ड पाठ म्हणून दाखवलं, सुरुवातीपासून, शाळेत म्हणायचे तसं. सात नवरे, देवदूत, प्रेषिताचं पत्र, मागे राहिलेला मोकळा. शेवटच्या ओळीशी माझा आवाज चिरका झाला आणि आत कुठल्या तरी नळीनं तो धरून ठेवला.

“आणि ती वाट पाहण्याची ओळ?” आतून आवाज आला. आता तो माणसाचा होता. “ती कोणत्या कार्डातली?”

“ती माझी. पदरची.”

“बाबांसाठी?”

“हो.”

 बाकांवरचा लाल तुकडा सरकला आणि तिथे पिवळा आला. मग आतून एक चमत्कारिक आवाज आला. मला वाटलं रडतायत. ते हसत होते.

“तीन रात्री मी झोपलो नाही,” ते म्हणाले. “सारखी बायको डोळ्यांसमोर, दारात उभी, वाट बघत. आणि काही तरी खटकत होतं. आत्ता कळलं काय ते. अगं, ती वाट बघणारी नव्हतीच! मी कामावरून उशिरा आलो की जेवून, आवरून, गाढ झोपलेली असायची. ताटावर झाकण. झाकणावर चिठ्ठी: गरम करून घ्या, मला उठवू नका.”

मलाही हसू आलं. रडता रडता हसले की माझा आवाज शेवटी वर चढतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. बहुधा त्यांनाही.

दारातून एक हात बाहेर आला, कोपरापर्यंत धुळीनं माखलेला. हातात माझं पाकीट होतं. “हे घे. ती ओळ तुझी आहे, तूच ठेव. तुझे बाबा वाट बघत असतीलही. मी त्यांना ओळखत नाही.”

“आणि बस?”

“एक नळी राहिलीय,” ते म्हणाले. “अशी अर्धवट कशी टाकू?”

संध्याकाळी मी घरी पोचले तेव्हा ते आमच्या दारात उभे होते, कोट हातावर घेऊन. आई कपाळाला आठ्या घालून कोट बघत होती.

“एवढ्यात बटण तुटलं? मी दुहेरी दोऱ्यानं लावलं होतं.”

“हो ना,” ते म्हणाले. “तोडायला फार जोर लागला.”

मी आत भांडी पुसायला गेले. आईचं हसू पायरी चढून वर आलं तेव्हा माझ्या हातात बाबांचा पेला होता. मी तो नेहमीपेक्षा जास्त वेळ पुसला, आणि मग फळीवर बाकीच्या पेल्यांत ठेवला.

पुढल्या वसंतात त्यांचं लग्न झालं. ऑर्गन इतका छान वाजला की पाळकसाहेब प्रवचन विसरले. मी आईच्या या नवऱ्याला बाबा कधी म्हटलं नाही, त्यांनीही ते मागितलं नाही. शेवटपर्यंत मी त्यांना ऑर्गनवालेच म्हणत आले आणि ते मला कारकूनबाई.

वचनमामा सहा वर्षांनी गेले. शेवटच्या दिवशी मी उशाशी होते. “आता काइनाच्या बायकोला प्रत्यक्षच विचारतो,” म्हणाले, आणि डोळे मिटले. कपाटाची किल्ली माझ्याकडे आली. घंटाआजी पंच्याऐंशी वर्षांच्या होईपर्यंत घंटा वाजवत होत्या. मरताना त्यांनी मला कानात सतरा जणांची नावं सांगितली, कोणी काय विचारलं होतं त्यासकट. त्यांतली सोळा मी विसरून गेले. सतरावं माझंच होतं, चिठ्ठी न टाकता मी मनात धरलेल्या शंकेसकट. त्यांना सगळं ठाऊक होतं.

ऑर्गनवाले तेवीस वर्षं आईबरोबर राहिले. एका सकाळी सूर लावायला गेले आणि तिथेच, खुर्चीवर कोट घडी घालून ठेवून, गेले. आई त्यानंतर अकरा वर्षं होती. अखेरच्या महिन्यात मी धीर करून तिला विचारलं, “आई, तिकडे गेल्यावर आधी कोणाला भेटशील?”

“जो दिसेल त्याला,” आई म्हणाली. “मी काही यादी घेऊन जात नाहीये.”

मी चौतीस वर्षं त्या निळ्या खोलीत उत्तरं लिहिली. लग्न केलं, दोन मुलं झाली. मुलं दूर गेली, नवरा त्याहून दूर. पदरचं अक्षर पुन्हा कधी घातलं नाही. पेटी केव्हाच निघाली, बिल्ले कोणी तरी वितळवले. सतरा नंबरचे दोन्ही तेवढे माझ्या शिवणाच्या डब्यात आहेत. चिठ्ठीही आहे. तिच्या घड्या आता फाटल्यात.

दुपारी ऊन खिडकीशी आलं की मी ती उजेडात धरते. बाहीच्या वळणाचे ठिपके माझ्या तळहातावर पडतात, खांद्यावरून सावकाश उतरत, आणि हात जरा हलवला की तेही हलतात. त्या ठिपक्यांच्या ओळीत बाबा असतात, दाराकडे नजर लावून. ऑर्गनवाल्यांची बायकोही असते, जेवून झोपलेली. आई मधून जा-ये करत असते. कोण कोणाचं, ते मला अजून नीट दिसत नाही. कोणी विचारलं असतं तर मी त्रेसष्ट नंबरचं कार्ड काढून दिलं असतं, शेवटच्या ओळीसकट.

आता विचारणारं कोणी नाही. मी थोडी गप्प बसते.